तुमची वाट कोण बघतंय?

नोकरी संपलेली, नोकरी कधी केलीच नाही किंवा आहे ती नकोशी झालेली, अशांची 'कुणाच्या उपयोगी पडावं, पण कसं?' असं विचारणारी पत्रं हल्ली जास्त येतात. त्यातली चार घेतली आहेत.

प्रश्न : नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात २९ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, होतो. वय ५४. व्हीआरएस घेतली. घर स्वतःचं, मुलगी नोकरीला लागली, पैशाची तशी ओढाताण नाही. पण सकाळी सहाला जाग येते आणि जायला जागा नसते. एका संस्थेत गेलो तर पावतीपुस्तक हातात दिलं.

दादा, पावतीपुस्तक परत करा. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणारा हात तुमचा, तो वर्गणी गोळा करण्यात घालवू नका. मीही कारखान्यातूनच बाहेर पडलो. तेव्हा एका संस्थेत जाऊन "काहीही सांगा, करतो" म्हणालो होतो. वर्षभर सतरंज्या आणि हारतुरे, एवढंच वाट्याला आलं. एखाद्या दिवशी गेलो नाही तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. चूक माझी होती, मला काय येतं ते मी सांगितलंच नव्हतं.

बरीच मंडळं गरजूंना रुग्णोपयोगी साहित्य देतात : व्हीलचेअर, वॉकर, फाउलर कॉट (डोक्याकडून उचलता येणारी खाट). त्यांची कोठीची खोली एकदा उघडून बघा. चांगल्या खुर्च्या कोपऱ्यात पडून असतात, कारण पुढचं लहान चाक फिरत नाही. चाक काढलं की आसाभोवती केसांचा आणि दोऱ्यांचा घट्ट गुंता दिसतो, बेअरिंग कोरडं ठणठणीत. ब्लेडनं गुंता कापा, रॉकेलनं धुवा, ग्रीस भरा, नट कसा. तुमच्यासाठी हे तासाभराचं काम. ज्याच्या घरी उद्या आईला दवाखान्यातून आणायचंय, त्याच्यासाठी ती चालती खुर्ची आहे.

जाताना मोघम बोलू नका. एक टेबल, एक वाइस (काम घट्ट पकडणारा शिकंजा) आणि दारावर पाटी मागा : "दुरुस्ती, गुरुवारी १० ते १". पाटी लागली की लोक गुरुवारची वाट बघू लागतात.

पैशाचं एक सांगतो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्यातल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. ओढाताण नसेल तर ५८ पर्यंत फॉर्म भरू नका.

प्रश्न : इंदिरानगरला राहते. बी.कॉम. झाले, पुढची २३ वर्षं घरच बघितलं. मुलं आता पुण्याला. आमच्या कामाच्या मावशींना मी सही शिकवली. त्यांना इतका आनंद झाला की आता आणखी बायकांना शिकवावंसं वाटतं. सासूबाई म्हणतात फुकट कशाला, मिस्टर म्हणतात तू कुठे बी.एड. आहेस?

ताई, मावशींनी अंगठ्याऐवजी सही केली, तेव्हाच तुमची परीक्षा झाली. केंद्र सरकारचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आखलेला आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी तो आहे आणि स्वयंसेवकांच्याच बळावर चालतो. त्यासाठी बी.एड. लागत नाही. जवळच्या महापालिका शाळेत मुख्याध्यापकांना भेटा.

मोठ्या माणसांना 'अ आ इ'पासून सुरू करू नका, लहान मुलासारखं वागवल्याची लाज वाटते आणि तिसऱ्या दिवशी त्या येत नाहीत. स्वतःच्या नावापासून सुरुवात करा. मावशींचं नाव कमल असेल, तर क, म, ल ही तीन अक्षरं हाती आली. उलटसुलट केली की कलम. काना शिकवला की मला, माल, कला, कमाल. आठवड्यात बाई स्वतः शब्द जुळवायला लागते. मग शहर बसची पाटी, गॅसची पावती, बँकेची स्लिप. धुण्याभांड्यांनी बोटं ताठरलेली असतात, म्हणून जाड पेन्सिल द्या. वेळ त्यांच्या सोयीची, बहुधा दुपारी दोन ते तीन.

सासूबाईंचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी आणि तुम्ही आजवर घरात केलेल्या कामाचा हिशेब कुणी मांडला नाही, ते दुखणं त्यामागे आहे. म्हणून हा एक तास घरच्यांनी तुमचा मानला पाहिजे. त्या वेळी चहा ज्याचा त्यानं करून घ्यावा. आणि उद्या एखादी खासगी शाळा किंवा क्लास "सेवा म्हणून" पूर्ण दिवस शिकवायला बोलावू लागला, तर मात्र पगार मागा. जिथे फी घेतली जाते तिथे शिकवणाऱ्यालाही पैसे मिळायलाच हवेत.

प्रश्न : वय २७, आयटीत आहे, गंगापूर रोडला घरून काम करतो. जीव पक्ष्यांत रमतो. राजीनामा लिहून ठेवलाय. पाठवू का?

नको, अजून नाही. आधी एक हिवाळा नांदूरमध्यमेश्वरला काढ. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यानं तयार झालेलं हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. दर रविवारी पहाटे तिथल्या एकाच निरीक्षण मनोऱ्यावर जा आणि चक्रवाक किती, थापट्या किती, तलवार बदक किती, ते मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदव. फोटो कमी काढ, आकडे जास्त लिही. थंडीत बोटं आखडलेली असताना, एकही नवा पक्षी न दिसलेल्या सहाव्या रविवारीही जावंसं वाटलं, तर मला पुन्हा लिही. तेव्हा पैशाचं बोलू.

प्रश्न : निवृत्त मराठी शिक्षिका, वय ७१. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालंय. घरबसल्या कुणाच्या उपयोगी पडता येईल का?

बाई, तुमची नजर अजून ऱ्हस्व-दीर्घ सोडत नसणार. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात जुनी पुस्तकं पान न् पान टंकित होतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळे साठा मोठा आहे. यंत्र छापील पान वाचतं, पण पुसट छपाईत 'घ'चा 'ध' करतं, अनुस्वार गिळतं. डावी-उजवीकडे मूळ पान आणि टंकित मजकूर शेजारी दिसतो, तुम्ही ताडून दुरुस्त करायचं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. नातवाकडून खातं उघडून घ्या. पहिल्या पानाला तास लागेल, पण घाई कुणाला नाही. न तपासलेलं पान लाल असतं, तुम्ही तपासलंत की पिवळं होतं, आणि दुसऱ्या कुणी, कदाचित कोल्हापुरातल्या किंवा कॅनडातल्या माणसानं, पुन्हा तपासलं की हिरवं.