गाडीची स्क्रीन गरम होते, बिघाड आहे का?

प्रश्न: नवीन गाडी घेतलीय, तासभर मॅप लावला की मधली स्क्रीन हाताला चांगलीच गरम लागते. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे. खरंय का?

उत्तर: हो, बहुतेक वेळा खरंच नॉर्मल असतं. एलसीडी स्क्रीन स्वतः उजेड देत नाही, तिच्या मागे एलईडी दिवे असतात आणि दिवसा उन्हात मॅप दिसावा म्हणून ब्राइटनेस आपोआप फुल होतो, त्यातली बरीच वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. त्यात मागे प्रोसेसर, जीपीएस, वायफाय सगळं एकदम चालू, आणि बऱ्याच गाड्यांत पंखा नसतो, नुसती मेटलची पट्टी ती उष्णता ओढून घेते. वरून काचेतून येणारं ऊन वेगळंच. गाडीतले बरेचसे पार्ट ८५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवतात, त्यामुळे कोमट-गरम स्क्रीनला घाबरू नका.

पण स्क्रीन हँग होते, काळी पडते, टच लागत नाही असं असेल तर मात्र गप्प बसू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत टेस्लाने सुमारे १ लाख ३० हजार गाड्या रिकॉल केल्या होत्या, फास्ट चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून स्क्रीन स्लो किंवा बंद पडू शकत होती म्हणून, आणि ते सॉफ्टवेअर अपडेटने सुटलं. तुम्हीपण आधी अपडेट मागा, नाहीच जमलं तर वॉरंटीत लेखी तक्रार द्या. पार्किंगमध्ये सनशेड लावा, ब्राइटनेस ऑटोवर ठेवा.