शार्पनिंग जरा खाली आण

काल दादरला लॅपटॉपवर दाखवलीस ती जुन्या गेममधली विटांची भिंत मी नीट पाहिली. शार्पनिंग, म्हणजे कडांना धार देणं, पार टोकाला नेलंयस, म्हणून प्रत्येक विटेभोवती पांढरी कड उमटलीय. रीशेड, म्हणजे गेमवर असे इफेक्ट चढवणारं सॉफ्टवेअर, तयार झालेल्या चित्रावर काम करतं; मूळ टेक्स्चरला, म्हणजे भिंतीवर-रस्त्यावर चिकटवलेल्या चित्राला, हातच लावत नाही. जे त्यात नाहीच, ते कुठून आणणार? निन्टेन्डो ६४ या जुन्या गेम कन्सोलमध्ये तर एका वेळी टेक्स्चरसाठी फक्त ४ केबी जागा असायची!

आधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या पृष्ठभागांवरचं टेक्स्चर स्पष्ट ठेवणारी सोय) १६ वर ने. तिरका, लांब जाणारा रस्ता लगेच स्वच्छ दिसेल आणि मशीनवर फारसा भारही पडणार नाही. मग शार्पनिंग थोडंसंच, आणि त्यानंतर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखा दाणा. क्रम उलटा केलास तर ग्रेनलाच धार चढते, भिंतीवर मुंग्या धावल्यासारखं दिसतं. धूसर डागावर बारीक दाणा आला की डोळ्याला तिथे खरखरीत पोत भासतो. मला हा उपाय सगळ्यात जास्त आवडतो.

लगेच लॅमिंग्टन रोडला नवं कार्ड घ्यायला धावू नकोस. खरा बारकावा हवा असेल तर त्या गेमचा टेक्स्चर पॅक (मूळ टेक्स्चरच्या जागी बसणारा जास्त बारकाव्याचा संच) शोध. शनिवारी घरी ये, तुझं प्रीसेट (रीशेडमध्ये जतन केलेली सेटिंग) घेऊन बसू.