४० टक्क्यांचा स्लॅब टाळण्यासाठी पगार कमी मागावा का?

मँचेस्टरच्या कंपनीने देऊ केलेले ५४,००० पौंड मान्य करावेत, की ५०,००० वरच थांबावे म्हणजे प्राप्तिकराच्या ४० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जावे लागणार नाही, असे तुम्ही विचारले आहे. पगार मुळीच कमी करून घेऊ नका. त्यातून तुमचे नुकसानच होईल. शिवाय इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, कामाच्या व्हिसासाठी प्रत्येक पेशाचा किमान पगार ठरलेला असतो, त्यामुळे स्थापत्य अभियंता म्हणून येताना स्वतःहून आकडा खाली आणणे त्या बाजूनेही शहाणपणाचे नाही.

५०,२७० पौंडांची रेषा ओलांडली की सगळ्या पगारावर ४० टक्के कर बसतो, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे होत नाही. महावितरणचे बिल आठवा: १०१ वे युनिट वापरले म्हणून आधीच्या १०० युनिटांचा दर बदलत नाही, वाढीव दर लागतो तो फक्त पुढच्या युनिटांना. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या करवर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, तिथून ५०,२७० पर्यंतच्या रकमेवर २० टक्के आणि केवळ त्यापुढच्या रकमेवर ४० टक्के कर आहे.

तुमचाच हिशेब करून पाहू. ५०,००० पगारावर प्राप्तिकर ७,४८६ पौंड आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून सक्तीने घेतली जाणारी वर्गणी) सुमारे २,९९४ पौंड कापला जाऊन हातात ३९,५२० पौंड पडतात. ५४,००० वर कर ९,०३२ आणि नॅशनल इन्शुरन्स ३,०९१ होतो, आणि हातात ४१,८७७ उरतात. म्हणजे पेन्शनची कपात बाजूला ठेवली, तर जे ४,००० पौंड तुम्ही नाकारायला निघाला होता, त्यातले जवळजवळ २,३५८ तुमच्या खात्यात येणार आहेत. एक गोष्ट या आकड्यांत चटकन दिसत नाही: नॅशनल इन्शुरन्सचा दर याच रेषेवर ८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर उतरतो. त्यामुळे रेषेवरची खरी उडी २० वरून ४० वर नसून २८ वरून ४२ वर आहे.

तुमची भीती अगदीच निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडच्या कायद्यात असा खड्डा खरोखरच होता. जुन्या करप्रणालीत ८७अ कलमाच्या सवलतीमुळे ५,००,००० रुपये करपात्र उत्पन्नावर कर शून्य येत असे, पण उत्पन्न ५,०१,००० झाले की सवलत पूर्ण जाऊन उपकरासह १३,२०८ रुपये भरावे लागत. हजार रुपये जास्त मिळाले आणि तेरा हजार गेले! ज्याने हे एकदा अनुभवले, तो प्रत्येक रेषेला बिचकणारच. पण तो दोष सवलतीचा होता, स्लॅबचा नव्हे. (इथे जन्मलेल्यांनाही हे उमजलेले असते असे समजू नका, माझ्या साइटवरचा एक सहकारी ‘सगळे करातच जाते’ म्हणून शनिवारचे जादा काम कित्येक वर्षे नाकारत होता.)

इथेही असे खड्डे आहेत, फक्त ते बरेच वर आहेत. उत्पन्न १,००,००० पौंडांच्या पुढे गेले की प्रत्येक दोन पौंडांमागे करमाफ रकमेतला एक पौंड कमी होतो आणि १,२५,१४० ला ती रक्कम संपते. या पट्ट्यात नॅशनल इन्शुरन्स धरून १०० पौंडांतले ६२ जातात. तरीही ३८ उरतातच. खरा कडा आहे तो मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा: आई-वडिलांपैकी एकाचे उत्पन्न एक लाखाच्या वर एक पौंड जरी गेले, तरी ती बंद होते. नव्याने आलेल्यांना व्हिसाच्या अटींमुळे ती मदत बहुधा मिळतच नाही, त्यामुळे आज त्याची चिंता नको. कंपनीने उद्या एडिनबर्गला राहायला पाठवले, तर मात्र गणित पुन्हा मांडा, कारण स्कॉटलंडमध्ये ४२ टक्क्यांचा दर ४३,६६२ पौंडांनंतरच सुरू होतो.

तुम्ही ऑक्टोबरच्या आरंभी रुजू होणार असाल, तर आणखी एक गोष्ट. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे असते आणि तुम्ही इथले रहिवासी ठरलात की अर्ध्या वर्षासाठीही १२,५७० ची पूर्ण करमाफी मिळते. सहा महिन्यांचे २७,००० पौंड धरले, तर पहिल्या वर्षी तुमचा कर २,८८६ पौंडच होतो आणि ४० टक्क्यांच्या स्लॅबला तुम्ही शिवतसुद्धा नाही. तरीही पेस्लिपवर त्याहून जास्त कपात दिसू शकते. माझ्या पहिल्या पेस्लिपवर कर-संकेतांकाच्या (किती करमाफी धरून कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या कोडच्या) शेवटी ‘एम१’ होते, म्हणजे प्रत्येक महिना सुटा धरून कर कापला जात होता, आणि मी तो इथला नेहमीचा कर समजून तीन महिने गप्प बसलो. तुमच्या बाबतीत असा संकेतांक सहाही महिने राहिला, तर सुमारे १,६३० पौंड जास्त कापले जातील. ते परत मिळतात, पण घराचे डिपॉझिट आणि भांडीकुंडी यांच्या खर्चात ते तेव्हाच हाताशी हवे असतात. म्हणून रुजू होताना नव्या कर्मचाऱ्याची माहिती-यादी नीट भरा, ‘६ एप्रिलनंतरची ही माझी पहिलीच नोकरी’ हा पर्याय तुम्हाला लागू आहे का ते पाहा, आणि पहिल्या पेस्लिपवर नुसते ‘१२५७एल’ (१२,५७० च्या पूर्ण करमाफीचा नेहमीचा संकेतांक) आहे ना, याची खात्री करून घ्या.