खोल समुद्राचं तापमान सहस्रांश अंशांनी वाढतं, मग त्यावरून हवामानबदल कसा ठरवायचा? आणि आपल्या पावसाचं काय?

हाच प्रश्न माझे मेहुणे दर गणपतीत जेवताना काढतात. "सहस्रांश? एवढा तर घरातला थर्मामीटर चुकतो!" म्हणून लिहितोय.

मी संशोधन जहाजावर सीटीडी यंत्र चालवायचो, म्हणजे तारेने समुद्रात सोडून पाण्याचा खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. एकदा अरबी समुद्रात ते साडेतीन हजार मीटरवर सोडलं होतं. वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे खाली पोचायलाच तास. तळाशी पाणी दोन अंशांच्या आतबाहेर, पण यंत्रावरचे दोन सेन्सर जुळेनात. फरक ०.००४ अंश. पहाटेचे तीन वाजलेले, उकाड्याने सगळे हैराण. मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी यंत्र वर घ्यायला लावलं, सेन्सर बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून. तार गुंडाळणाऱ्या विंचवरचा माणूस चिडला. दुसऱ्या खेपेला आकडे जुळले. यंत्रासोबत तळाचं पाणी भरून आणणाऱ्या बाटलीची तोटी उघडली तेव्हा हातावर बर्फासारखं पाणी आलं. अरबी समुद्राच्या तळाचं हे पाणी मूळचं अंटार्क्टिकाकडून आलेलं असतं, आणि तिकडचं तळाचं पाणी तापत चाललंय हे नोंदलं गेलंय.

आता हिशेब. दोन किलोमीटर जाडीचा पाण्याचा थर फक्त ०.०१ अंशाने तापवायला जी उष्णता लागते, तेवढीच त्याच्या डोक्यावरच्या सगळ्या हवेला दिली तर ती सुमारे ८ अंशांनी तापेल. अंश बघू नका, उष्णता बघा. हरितगृह वायूंमुळे अडकलेली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्रात जाते. एका थंड हिवाळ्याकडे बोट दाखवून "कुठंय तापमानवाढ" म्हणणाऱ्यांनी हवेवर वाद घालणं सोडावं. मेहुण्यांनी तर नक्कीच.

पावसाचा संबंध मुख्यतः वरच्या थराशी आहे, तो वेगळा विषय.

एक मात्र खरं, ही उष्णता बहुतेक वरच्या दोन हजार मीटरमध्येच साठते. तिथे आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास चार हजार तरंगते फ्लोट, म्हणजे स्वयंचलित यंत्रं, दर दहा दिवसांनी मोजमाप करतात. त्याखाली जाणारे फ्लोट अजून थोडे आहेत, जुन्या नोंदीही विरळ. एका सफरीच्या आकड्यावरून काही ठरत नाही. दहा-पंधरा वर्षांनी जहाजाला त्याच जागी परत जाऊन मोजावं लागतं. तेव्हा आधीचा आकडा ०.००४ ने चुकलेला निघाला तर तुलनाच फसते. म्हणून त्या रात्रीचे तास वाया गेले असं कुणी म्हटलेलं मला चालत नाही.