पासपोर्ट अमेरिकेचा, पोरगा कोल्हापूरचा

"मुलगा अमेरिकेत जन्मला, आम्ही परत आलो, तो इथंच वाढला. आता अठरा पूर्ण होतायत. त्याला एक देश सोडावा लागणार का?"

हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी बारावीच्या आसपास कुणी ना कुणी घेऊन येतं. वरवर तो कायद्याचा आहे, त्यामुळे लोक आधी वकिलाकडे किंवा एजंटाकडे जातात. माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, वळतात ते पोरगं घरात बोलेनासं झाल्यावर. अशाच एका घराबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वेदांत टेक्सासमध्ये जन्मला. वडील तिथं एच-वन-बी व्हिसावर नोकरीला होते. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब परत आलं आणि वडिलांनी शिरोली एमआयडीसीतली घरची फाउंड्री हातात घेतली. धाकटी बहीण सई इथं आल्यावर झाली. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटाभोवती भाऊ अमेरिकन आणि बहीण भारतीय. आईला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वेदांत पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा, शिव्यासुद्धा अस्सल कोल्हापुरी द्यायचा. सतराव्या वर्षी त्यानं अचानक मैदान सोडलं. पाय दुखतो म्हणाला. डॉक्टरांनी पाय तपासला, तो धडधाकट होता.

आई पहिल्यांदा एकटीच आली आणि पासपोर्टबद्दलच बोलत राहिली. एका एजंटानं तिला सुचवलं होतं, "इथल्या पत्त्यावर भारतीय पासपोर्ट काढून टाका, अमेरिकेचा दाखवूच नका. कोण बघतंय?" तिला ते पटलं नव्हतं, पण मोह पडला होता. कारण तिच्या मनात एक जुनी गोष्ट रुतून बसली होती. वेदांत दहा वर्षांचा असताना ते सगळे न्यू जर्सीला एका लग्नाला गेले होते. विमानतळावर हे तिघं परदेशी पाहुण्यांच्या रांगेत आणि वेदांत नागरिकांच्या. शेवटी त्याच्याबरोबर बाबांना जाऊ दिलं. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर नजर टाकली आणि हसून पोराला म्हणाला, "वेलकम होम." वेदांत खूष झाला, वडील त्याहून खूष झाले. आईनं हे नंतर ऐकलं, आणि सात वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

कागदाची बाजू मी एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेते, कारण तो माझा प्रांत नाही. पण अर्धवट माहितीनं घरात किती भीती माजते ते रोज बघत असल्यामुळे मूळ गोष्टी आईबापांपुढे आधी स्वच्छ मांडते. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. वेदांतकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड होतं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड. या कार्डामुळे नागरिकत्व मिळत नाही. आजन्म व्हिसा मिळतो, कितीही दिवस राहता येतं, पोलिसांकडे नोंद लागत नाही, बँक, शिक्षण, घरखरेदी अशा बऱ्याच बाबतींत अनिवासी भारतीयांइतकी मोकळीक मिळते. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी मात्र नाही. थोडक्यात, हा मुलगा कायद्याच्या नजरेत आजही फक्त अमेरिकन होता. म्हणून अठराव्या वर्षी त्याला काही सोडायचंच नव्हतं.

"मग ते सहा महिन्यांचं काय?" आईनं विचारलं. तेही खरं आहे, पण दुसऱ्या मुलांसाठी. परदेशात जन्मल्यावर ज्यांची नोंद आईवडिलांनी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली आणि जी जन्मानं त्या देशाचीही नागरिक आहेत, त्यांनी सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही तर भारताचं जातं. आपलं मूल यातल्या कुठल्या गटात बसतं हे ठाऊक नसलेले आईबाप मी इतके पाहिले आहेत की आता पहिल्या भेटीला कागदांची फाईल घेऊनच या म्हणते. एजंटाच्या सल्ल्याबद्दल मी तिला सरळ सांगितलं, की नागरिकत्वाबद्दल खोटं लिहून पासपोर्ट काढणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो पोराच्या नावावर लागेल. ती गप्प झाली. पुढच्या वेळी वेदांतला घेऊन आली.

पोरं पहिल्या भेटीत "काही नाही" म्हणतात, तसं त्यानंही म्हटलं. मी फुटबॉलचं विचारलं नाही. विचारलं, की पासपोर्टवरून घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं? तो लगेच म्हणाला, "मी सोडून सगळे."

मग हळूहळू निघालं. कॉलेजात मतदार नोंदणीचं शिबिर झालं होतं. सतरा पूर्ण झालेल्यांना आता आगाऊ अर्ज करता येतो. सगळ्या मित्रांनी रांगेत उभं राहून सहा नंबरचा फॉर्म भरला. यानं "आधार घरी राहिलं" अशी थाप मारली. घरी आबांनी, म्हणजे आजोबांनी, दुसऱ्या दिवशी आधार कार्ड हातात ठेवलं. "भर की लेका! आधार हाय म्हंजे तू हिथलाच." आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, आणि खोटी घोषणा करून मतदार होणं गुन्हा आहे, हे वेदांतनं आधीच वाचून ठेवलं होतं. आबांशी वाद घालायचा नव्हता आणि मित्रांना खरं सांगायचं नव्हतं. मैदानावर त्याला पूर्वीपासून "ए डॉलर" म्हणून हाक मारायचे. इतकी वर्षं ते चिडवणं वाटलं नाही. शिबिरानंतर वाटायला लागलं.

दुसरी गोष्ट 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मार्च २०२१ ची केंद्राची अधिसूचना त्यानं स्वतः शोधून वाचली होती. ओसीआय मुलांना अशा प्रवेश परीक्षांमधून फक्त अनिवासी भारतीयांच्या जागा, असं त्यात आहे. त्या जागांची फी बघून त्यानं मनातल्या मनात डॉक्टरकी सोडून दिली होती. कुणाला न सांगता. आईबाप समजत होते की पोराचं अभ्यासातून लक्ष उडालंय.

इथं मात्र त्याला अर्धीच गोष्ट माहीत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ज्यांना ४ मार्च २०२१ पूर्वी ओसीआय कार्ड मिळालं आहे त्यांना ही अट लागू होणार नाही. ते पूर्वीप्रमाणे सर्वसाधारण जागांसाठी स्पर्धा करू शकतात. वेदांतचं कार्ड त्याच्या बरंच आधीचं. राज्याच्या कोट्याचे नियम वेगळे असतात, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघावे लागतात. तरी दार बंद नव्हतं. हे ऐकल्यावर त्यानं खुर्ची पुढं ओढली, आणि मग जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत देते.

"मॅडम, खरं सांगू का? मी बाबांचा व्हिसा आहे."

अमेरिकन नागरिकाला एकवीस पूर्ण झाल्यावर आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. त्या प्रकारात वार्षिक मर्यादा नसल्यामुळे वर्षानुवर्षं ताटकळावं लागत नाही. वडिलांनी हे घरात कधी लपवलं नव्हतं. पाहुणे आले की हसत सांगायचे, "आमचा हुकमाचा एक्का आहे हा." फाउंड्रीत मंदी आली की तेच वाक्य जरा वेगळ्या आवाजात निघायचं. पोरानं ते दोन्ही आवाजांत ऐकलेलं. कोल्हापूरच्या कॉलेजात मेडिकलला गेला तर एकवीसला तो इथंच असणार, म्हणजे बाबांचा एक्का वाया. भारतीय होतो म्हणाला तर एक्का फाडूनच टाकला. आणि अमेरिकेला जातो म्हणाला तर आईचा चेहरा. त्याला दोन देशांमधून निवड करायची नव्हतीच. त्याच्यापुढे आई की बाबा असाच प्रश्न उभा होता.

वडिलांना बोलावलं तेव्हा ते थोडे घुश्श्यात होते. "मी त्याच्या भल्याचंच बघतोय ना?" मी म्हटलं, बघताय. पण त्याच्या पासपोर्टबद्दलच्या तुमच्या प्रत्येक वाक्यात तुमची स्वतःची काळजी किती असते, ते एकदा मोजा. ते उखडतील असं वाटलं होतं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग टेक्सासमधून परतताना आपल्याला काय वाटलं होतं ते सांगू लागले. परत यायचं नव्हतं त्यांना. आबांच्या आजारपणामुळे आले होते, आणि हे आबांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते आबांना सांगायचं की नाही हा त्यांचा प्रश्न. मी तो हातात घेतला नाही. पोराच्या एकविसाव्या वर्षावर त्यांनी आपली राहिलेली वर्षं ठेवलीत, एवढं त्यांना दिसलं तरी पुरे होतं.

एका बैठकीला आबाही आले. ऐंशी ओलांडलेले, ताठ. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुमचा जन्म करवीर संस्थानातला. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा तुम्ही पाचेक वर्षांचे असाल. पेठ न सोडता तुमचं राज्य बदललं. तुम्ही बदललात का?" आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ते येगळं. तवा आख्ख्या गावाचं बदललं. आमच्या पोराचं एकट्याचंच येगळं हाय, ते त्याला टोचतंय."

मी त्यांची समजूत घालायला निघाले होते, आणि नातवाला नेमकं काय खुपतंय ते त्यांनीच सांगितलं. परदेशी जन्मलेल्या मुलांच्या घरी मी आता हे वाक्य वापरते, आबांच्या नावानं.

आबांचा स्वतःचा घोर उसाच्या रानाचा होता. नातवाच्या नावावर सातबारा होईल का? ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्कानं येऊ शकते, असं वकील मैत्रिणीनं समजावलं. आबांच्या डोक्यात बक्षीसपत्र होतं. ते तिनं थांबवलं. आबांनी नातवाच्या नावे ठेवही ठेवली होती. परदेशातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकन नागरिकाला ते अमेरिकी सरकारला कळवावं लागतं, आणि अमेरिकेच्या हिशेबात कोल्हापूरची बँक परदेशी. आबांना हे अजून पटलेलं नाही. "आमच्या ऊसबिलाचं त्यांना काय करायचंय?" हा त्यांचा सवाल मलाही अगदीच गैर वाटत नाही, पण नियम आहे.

सईचं कुणी विचारलंच नव्हतं. तिनंच एकदा दारातून डोकावून सुनावलं, "दादाला काय टेन्शन? व्हिसाची मुलाखत मला द्यावी लागते!" सगळे हसले, वेदांतसुद्धा. ज्या गोष्टीचं त्याला ओझं होत होतं तिचा बहिणीला हेवा वाटत होता.

मी घरातल्या प्रत्येकाला एक काम दिलं: पासपोर्टबद्दलची आपली भीती वेगळ्या कागदावर लिहायची, दुसऱ्याचं न बघता. मग जी भीती एखाद्या कार्यालयात जाऊन मिटते ती एका बाजूला, आणि जी घरातच बोलून मिटेल ती दुसऱ्या बाजूला. पासपोर्टची मुदत, नीट, जमीन, ठेव हे सगळं पहिल्या गठ्ठ्यात गेलं आणि काही आठवड्यांत निपटलं. दुसऱ्या गठ्ठ्यात आईचं "वेलकम होम" निघालं. वेदांतला तो प्रसंग नीट आठवतही नव्हता. "मला वाटलं ते सगळ्यांनाच तसं म्हणतात," असं तो म्हणाला, आणि आई रडली.

भारतीय व्हायची वाट त्याला मोकळी आहे, हेही त्याला सांगितलं. सज्ञान झाल्यावर, पाच वर्षं ओसीआय कार्ड असलेल्या आणि अर्जाआधी बारा महिने इथं राहिलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्ज मंजूर झाला की अमेरिकेचं सोडावं लागतं, आणि सज्ञान माणसानं वकिलातीत जाऊन ते सोडलं की सहसा परत मिळत नाही. या वाटेला मुदत नाही. पंचविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षीही जाता येईल. मला विचाराल तर अठराव्या वाढदिवसाला कुठल्याही पोरानं हा निर्णय घेऊ नये, विशेषतः घरातल्या मोठ्यांची झोप परत यावी म्हणून तर मुळीच घेऊ नये.

मित्रांना त्यानं खरं सांगितलं, मैदानावरच. "मग वर्ल्ड कप अमेरिकेकडून खेळणार का रे?" असं कुणी तरी म्हणालं आणि विषय संपला. मतदानाच्या दिवशी तो आबांना केंद्रापर्यंत घेऊन जाणार आहे. आत जाता येणार नाही याची खंत आहे. ती मी काढून टाकायला गेले नाही. तिच्यासकट त्याचं जेवणखाण आणि खेळ चालू आहे.

कागदांची फाईल आता त्याच्या कपाटात असते. अठरा झाल्यावर अमेरिकेच्या सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडली तर सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या यादीतली, नोंदणी त्यानं स्वतः केली. मुलग्यांना ती बाहेर राहूनही चुकत नाही. विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट निघाला की ओसीआय कार्डही एकदा नव्यानं काढायचं, याची चिठ्ठी त्यानं फाईलच्या आत चिकटवली आहे. वडिलांनी मध्ये एकदा मला फोन करून एकविसाव्या वर्षाचं हळूच विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारा. त्यांनी विचारलं. वेदांत म्हणाला, "एकविसाव्या वाढदिवसाला विचारा, बाबा. आधी नीट होऊ दे."