नुसतं जागं राहायचं

वाचकांचे प्रश्न : सामूहिक रिट्रीटविषयी, म्हणजे रोजच्या व्यापातून बाजूला होऊन प्रार्थनेसाठी मिळून घेतलेल्या एकांताविषयी

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात मी आमच्या चर्चच्या मंडळीबरोबर तीन दिवसांच्या रिट्रीटला गेले होते. वीस जण होतो. शेवटच्या दिवशी मन इतकं भरून आलं, की परतताना मी मनातल्या मनात सगळ्यांना माफ करून टाकलं. पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तीच चिडचिड, प्रार्थनेत तोच कंटाळा. तिथे जे वाटलं ते खरं होतं, की वीस जणांच्या भरात मी वाहून गेले? आणि प्रभू येशूने तर खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय. मग गटाने जायचंच कशाला?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय आठवला. शिष्य गावोगाव फिरून दमून आलेत. काय केलं, काय शिकवलं, ते प्रभूला सांगतायत. माणसांची ये-जा इतकी, की जेवायलाही सवड नाही. प्रभू म्हणतो, चला, एकांत जागी या आणि थोडा विसावा घ्या. ते नावेत बसून निघतात, पलीकडे उतरतात, तर लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधीच तिथे पोचलेले! प्रभूला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवू लागतो, आणि दिवस कलल्यावर त्या पाच हजारांना वाढायचं कामही शिष्यांवरच येतं. म्हणजे शिष्यांचा एकांत नावेतल्या प्रवासाएवढाच झाला. तो विसावा खोटा होता असं मला कधी वाटलं नाही. गर्दी आधी पोचली होती, एवढंच. तुमचीही तुमच्या आधी घरी पोचली होती.

खरं-खोटं कसं ओळखायचं, याची एक जुनी खूण आहे. संत इग्नेशियस लोयोला हे पुढे जेझुइट संघ स्थापणारे स्पॅनिश संत, तरुणपणी लढवय्ये. १५२१ साली स्पेनमधल्या पॅम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. ते बरेच महिने अंथरुणाला खिळून होते. पडल्या पडल्या ते पराक्रमाची स्वप्नं रंगवत, आणि कधी संतांसारखं जगण्याचीही. दोन्ही गोडच वाटत. पण पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडे आणि दुसरी ओसरल्यावरही समाधान मागे राही. हा फरक त्यांच्या लक्षात आला आणि पुढे मनरेसा गावच्या मुक्कामात त्यातूनच त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’ची, म्हणजे प्रार्थना आणि मननाच्या ठरावीक क्रमाची, पद्धत आकाराला आली. तेव्हा ती भावना किती दिवस टिकली हे मोजू नका. ती गेल्यावर मागे काय उरलं ते बघा. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट उरलेली दिसते. चिडचीड पूर्वीही होती, पण आता ती तुम्हाला सलते आहे.

इग्नेशियस आणखी दोन गोष्टी सांगतात आणि मला त्या फार उपयोगी पडल्या आहेत. मन भरलेलं असताना पुढे येणाऱ्या कोरड्या दिवसांचा विचार करून बळ साठवावं. आणि कोरड्या दिवसांत, मन भरलेलं असताना घेतलेला निर्णय बदलू नये. तुम्ही माफ करायचं ठरवलंत ना? ते मागे घेऊ नका. फक्त ‘सगळ्यांना’ हा शब्द फार मोठा आहे. एक नाव घ्या. रोज झोपण्याआधी दहा मिनिटं दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या आणि त्या एका नावापाशी थांबा. त्या माणसाशी आज मी काय बोलले, कुठे तोंड फिरवलं, कुठे फिरवलं नाही. बास.

आणि त्या वीस जणांपैकी चार-पाच जणी पुन्हा भेटा. १९४० च्या दशकात स्पेनच्या मायोर्का बेटावर सुरू झालेल्या कुर्सिलो या कॅथॉलिक चळवळीत तीन दिवसांच्या रिट्रीटनंतरच्या उरलेल्या साऱ्या आयुष्याला ‘चौथा दिवस’ म्हणतात, आणि त्या चौथ्या दिवसासाठी छोट्या गटांनी नेमाने भेटतात. मला ही सूज्ञपणाची गोष्ट वाटते. आपण तीन दिवसांचीच तयारी करतो आणि चौथ्या दिवशी माणसाला एकटं सोडतो.

आता दार लावण्याविषयी. ज्या प्रभूने दार लावायला सांगितलं, तोच वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना बरोबर घेऊन गेला. त्यांच्याकडे त्याने काय मागितलं? सल्ला मागितला नाही, धीराचे शब्दही मागितले नाहीत. इथे थांबा आणि जागे राहा, एवढंच म्हणाला. स्वतः थोडा पुढे जाऊन एकटाच प्रार्थना करत राहिला. गटातला एकांत मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसलेला नाही. पुढे जायचं ते एकट्यानेच, पण हाकेच्या अंतरावर कुणीतरी जागं असावं.

मी बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. रात्री तीनच्या सुमारास एखादा रुग्ण हाक मारतो, “सिस्टर, आहात ना?” त्याला औषध नको असतं, पाणीही नको असतं. “आहे” म्हटलं की डोळे मिटतो. वीस जण एका सभागृहात तासभर गप्प बसतात तेव्हा तेच चाललेलं असतं. घरी पाच मिनिटांत उठणारा माणूस तिथे तासभर बसतो, कारण शेजारचा बसलेला असतो. याला वाहून जाणं म्हणू नका. दुसऱ्याच्या विश्वासाचा आधार घेणं ही ख्रिस्ती माणसाला लाज वाटावी अशी गोष्ट नाही. पक्षाघाती माणूस बरा व्हावा म्हणून चौघांनी त्याला छपरातून प्रभूपुढे खाली सोडलं, तेव्हा प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो.

---

प्रश्न : आमच्या युवक-युवतींसाठी दोन दिवसांचं रिट्रीट आखायचं काम माझ्याकडे आलंय. चोवीस जण आहेत. दोन वक्ते, सहा व्याख्यानं, गाणी, खेळ, शेवटी प्रश्नमंजूषा असं ठरतंय. आणखी काही घालू का?

उत्तर : घालू नका, काढा. सहा व्याख्यानांचं शिबिर होतं. शिबिरही चांगलंच असतं, पण त्याला रिट्रीट म्हणू नका.

इग्नेशियस यांची साधना मुळात एकेकट्याला द्यायची, जवळपास तीस दिवसांची. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. गटाला प्रवचनं देऊन रिट्रीट घेण्याची रीत पुढे रुळली आणि तिच्यातच बोलण्याचा सोस शिरला. खरं तर इग्नेशियस सुरुवातीलाच बजावतात, की साधना देणाऱ्याने थोडक्यात सांगावं, कारण माणसाला स्वतः शोधून जे सापडतं त्याची गोडी जास्त. पुष्कळ कळल्याने जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो. पुढे ते असंही सांगतात, की साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं आणि देवाला त्या माणसाशी थेट बोलू द्यावं. मी कुठल्याही रिट्रीटला निघताना हा काटा आठवते.

मी तुमच्या जागी असते तर दिवसाला दोनच बोलणी ठेवली असती, वीस-वीस मिनिटांची. त्यानंतर पवित्र शास्त्रातला एकच छोटा उतारा. तरुणांना मी बहुतेक वेळा बार्तीमयाचा देते, मार्क १० मधला. तो आंधळा आहे हे प्रभूला दिसतंय, तरी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? हा एक प्रश्न घेऊन त्यांना पाऊण तास सोडा, कुणी झाडाखाली बसेल, कुणी प्रार्थनागृहात. बाराव्या शतकात, मौन पाळणाऱ्या कार्थुसियन संघातल्या ग्विगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. मुलांना पायऱ्यांची नावं पाठ करायला लावू नका. हळू वाचा, जिथे शब्द अडकेल तिथे थांबा, तिथूनच देवाशी बोला, मग गप्प बसा, एवढं पुरतं.

त्यानंतर सहा-सहा जणांचे चार गट. पहिल्या फेरीत प्रत्येकाने चार मिनिटं आपल्याला काय जाणवलं ते सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. नंतर दोन मिनिटं पूर्ण शांतता. दुसऱ्या फेरीत, दुसऱ्यांचं ऐकताना माझ्यात काय हललं, हे. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत जे उमटेल ते प्रार्थनेच्या रूपात. २०२३ च्या ऑक्टोबरात रोमला कॅथॉलिक सिनडची, म्हणजे पोपना सल्ला देणाऱ्या परिषदेची, सभा भरली, तेव्हा बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल टेबलांभोवती याच रीतीने बसले होते. सभेआधी तीन दिवस त्यांनी रिट्रीटही केलं होतं.

शांततेची दोन मिनिटं घड्याळ लावून पाळा. नवा गटप्रमुख ती नेहमी चाळीस सेकंदांत संपवतो. मीही तेच करायची.

एक माणूस मात्र ठेवाच. कुणाला एकट्याने बोलायचं असेल, तर दोन्ही दिवस त्याच्यासाठी मोकळा असलेला अनुभवी पाळक, धर्मगुरू किंवा धर्मभगिनी. आणि मोबाइल पहिल्या संध्याकाळीच एका टोपलीत. घरच्यांना एकच नंबर देऊन ठेवा, म्हणजे मुलं निर्धास्त राहतात. खेळ ठेवा, पण दुसऱ्या दिवशीच्या शेवटी. प्रश्नमंजूषा पुन्हा कधीतरी घ्या.

---

प्रश्न : रिट्रीटमध्ये आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी मुलाच्या मृत्यूविषयी सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदाच बोलले म्हणे. आम्ही सगळ्यांनी त्यांना खूप धीर दिला, बायबलमधली वचनं सांगितली. दुसऱ्या दिवसापासून ते गटात एक शब्दही बोलले नाहीत. आमचं काय चुकलं?

उत्तर : हीच चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून तुम्हाला सांगू शकते.

मी गट चालवू लागल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एक बाई बोलू लागल्या. नवरा गेल्यापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” या ओळीपाशी त्यांचं तोंड मिटतं. त्या थांबल्या. ती शांतता मला सोसवली नाही. मी म्हटलं, “देवाची योजना आपल्याला आज कळत नाही, पण एक दिवस कळेल.” त्यांनी मान हलवली, “हो ताई” म्हणाल्या आणि हातातला रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. तो रुमाल ठेवण्याचा क्षण मला आजही दिसतो. माझं वाक्य चुकीचं होतं असं नाही. पण ते मी त्यांच्यासाठी म्हटलं नव्हतं, माझी अस्वस्थता थांबावी म्हणून म्हटलं होतं. ज्या बाईने प्रार्थनेतली सगळ्यात अवघड ओळ आमच्यासमोर आणून ठेवली, तिला मी ती उचलून परत न्यायला लावली.

बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळंच गमावलेल्या इयोबाचे मित्र आठवतात? आपण त्यांना नावं ठेवतो. पण आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कुणी एक शब्दही बोललं नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि त्यालाच दोष दिला.

तुम्ही त्या गृहस्थांना भेटा, शक्यतो एकटेच. पुन्हा वचनं सांगायला जाऊ नका. “त्या दिवशी आम्ही फार बोललो. तुमचं ऐकायचं राहिलं,” इतकं म्हणा आणि थांबा. ते बोलले नाहीत तरी चालेल. मुलाचं नाव विचारा. मुलगा गेलेल्या बापासमोर लोक ते नाव घ्यायचंच टाळतात.

गटात ऐकलेलं गटातच राहायला हवं, हे पहिल्या दिवशी मोठ्याने सांगावं. ‘सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत दुसऱ्याची व्यथा मंडळीभर करणं हाही विश्वासघातच आहे. याला अपवाद एकच. कुणी जीव द्यावासा वाटतो असं बोललं, किंवा घरात मारहाण, अत्याचार होत असल्याचं कळलं, तर तिथे जागं राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. त्याच दिवशी जबाबदार माणसाला सांगा, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्या, स्वतः सोबत जा. आणि ज्यांच्यावर गंभीर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी लांबलचक मौनाच्या रिट्रीटला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मौनात सगळ्यांनाच बरं वाटतं असं नाही.

---

प्रश्न : मौनाची वेळ सुरू झाली की मला झोपच येते. दोन्ही रिट्रीटांत असं झालं. इतरांचे चेहरे तेजस्वी दिसतात आणि मी पेंगते. माझ्यात भक्तीच कमी आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रात खाली लिहिलंय, की घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत आणि तुम्ही रात्री दोनदा उठता. अहो, मग झोप येणारच.

बायबलमधला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून म्हणाला, खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही. चाळीस दिवस चालून होरेब पर्वतावर पोचल्यावर त्याला देवाचा तो मंद, हळुवार आवाज ऐकू आला.

पुढच्या वेळी निघताना रात्री सासूबाईंकडे बघायला कुणाला तरी सांगून या. आल्यावर पहिल्या दुपारी खुशाल झोपा, तुम्हाला उठवू नये असं गटप्रमुखांना सांगून ठेवा, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला या.