बंदोबस्ताचे कारण देऊन बालसंगोपन रजा नाकारता येते का?

प्रश्न : मी नागपूर शहर पोलीस दलात अंमलदार आहे. पती राज्य राखीव पोलीस दलात, बहुतेक वेळ बाहेरगावी बंदोबस्ताला. मुलगी 14 महिन्यांची. तिला सासूबाई सांभाळायच्या, पण त्यांना लकवा मारल्यापासून घरात दुसरे कोणी नाही. दीड महिन्याची बालसंगोपन रजा मागितली, तर हजेरी मेजरने (ठाण्यात ड्युट्या लावणाऱ्या हवालदाराने) अर्ज हातात परत दिला : "अधिवेशनाचा बंदोबस्त आहे, हवी तर अर्जित रजा टाका." त्यानंतर मुलगी तापाने फणफणली आणि मी दोन दिवस ड्युटीवर जाऊ शकले नाही. आता गैरहजेरीची कारणे दाखवा नोटीस आली आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी नोटीस. रजेसाठी पुढेही भांडता येईल, पण नोटिशीची मुदत टळली तर "खुलासा सादर केला नाही" एवढ्या ओळीवर शिक्षा लागू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 28 प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर मानला जातो, म्हणून "घरगुती अडचण होती" असा मोघम खुलासा देऊ नका. ताप कधी चढला, कोणत्या डॉक्टरांना दाखवले, ठाण्यात किती वाजता कोणाला फोन केला, ते लिहा. मुलीचा केसपेपर, औषधांची बिले, सासूबाईंचे डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवसाच्या कॉलची नोंद जोडा. ते दोन दिवस देय रजेत धरावेत, ही विनंती त्याच कागदावर करा. तरीही शिक्षा झालीच, तर कलम 27 खाली अपील आहे.

आता रजा. 23 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 180 दिवसांची पगारी बालसंगोपन रजा मिळते. ती वर्षाला जास्तीत जास्त 2 महिने, मूल 18 वर्षांचे होईपर्यंत आणि पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी घेता येते. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल, तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. तुमच्या पतींना आज ती लागू नाही.

ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सेवेच्या निकडीपोटी सक्षम अधिकारी, म्हणजे रजा मंजूर करण्याचा अधिकार असलेला अधिकारी, ती नाकारू शकतो, हे मी लपवणार नाही. पण हजेरी मेजर म्हणजे सक्षम अधिकारी नव्हे. शिवाय 1981 च्या रजा नियमांप्रमाणे, तुम्ही लेखी मागितल्याशिवाय मागितलेल्या रजेचा प्रकार वरिष्ठांना बदलता येत नाही. त्यामुळे "अर्जित टाका" हे उत्तर होत नाही. तुमच्याकडे आज नकाराचा एकही कागद नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

म्हणून नवा अर्ज करा. तो ठाणेदारांमार्फत पोलीस उपायुक्तांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. कोणी घेतला नाही, तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. अर्जात दोन पर्याय द्या : रजा लगेच, किंवा अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. डिसेंबरात नागपुरात बंदोबस्त खरोखरच जड असतो आणि ते कारण सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणातही टिकेल. पण अधिवेशन उठल्यावरही रजा नाकारली, तर निकड कसली हे त्यांना सांगावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये शालिनी धर्माणी यांच्या बालसंगोपन रजेच्या प्रकरणात म्हटले आहे की नोकरीत स्त्रियांचा सहभाग हा मेहेरबानीचा विषय नाही, तो घटनेने दिलेला अधिकार आहे. त्या प्रकरणातले मूल विशेष गरजांचे होते, हा फरक आहे. तरीही अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

रजा मिळेपर्यंत 8 तासांची ड्युटी लेखी मागा. 2021 मध्ये महिला पोलिसांसाठी 12 ऐवजी 8 तास करण्याची सुरुवात नागपूर शहरातूनच झाली. त्यानंतर पोलीस महासंचालकांनी काढलेल्या आदेशाप्रमाणे सणासुदीला किंवा आणीबाणीत तास वाढवायचे तर उपायुक्तांची परवानगी लागते.

पाळणाघराचे म्हणाल, तर 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ते हवे, अशी तरतूद 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आली. पोलीस ठाण्याला ती थेट लागू होते का, यावर वाद होईल. त्यावर केस उभी करू नका, पण पोलीस लाईनमध्ये पाळणाघर हवे, ही मागणी आयुक्तांच्या दरबारात मांडा. पेपरवाल्यांकडे मात्र जाऊ नका. 1966 च्या पोलिसांच्या हक्कांवरील निर्बंध कायद्याने ते अंगाशी येईल. दिवसपाळीपुरती सोय म्हणून जवळच्या अंगणवाडीत केंद्राच्या 'पालना' योजनेचे पाळणाघर आहे का, ते विचारा. तिथे 6 महिने ते 6 वर्षांची मुले घेतात.

लेखी नकार आला, तर सिव्हिल लाईन्समधल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. उत्तरच आले नाही, तर साधारणपणे 6 महिने थांबावे लागते. पण अंगावरच्या मुलीचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून अंतरिम आदेशाच्या विनंतीसह आधीही जाता येईल. वकिलाकडे जाताना शिक्क्याची प्रत आणि नोटिशीचा खुलासा सोबत न्या.